दळणाची साक्ष

पुकार करण्याआधी कोर्टातले हवालदार टोपी काढून काखेत धरायचे. "टोपी असली की आवाज डोक्यातच फिरतो, ताई," असं त्यांचं शास्त्र. मग व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पक्षकाराचं नाव तीनदा घ्यायचे, दर वेळी दम खाऊन. चौथ्यांदा कधीच नाही. "चौथी हाक मारायला ते काय माजे सासरे हायेत?"

आमच्या कोर्टाबाहेर मी टायपिंगचं टेबल टाकून बसते. ज्यांनी तारखांना खेटे घातलेत त्यांना सांगायला नको. आत न्यायाधीश कितीही मोठे असोत, बाहेर बसलेल्या माणसाचा दावा हवालदाराच्या घशावर चालतो.

झरीच्या एका मावशींचा दिराविरुद्ध जमिनीचा दावा होता. त्या दिवशी सकाळपासून त्या माझ्या टेबलाशेजारी कान देऊन बसलेल्या. नाव आलंच नाही. संध्याकाळी कळलं, दावा काढून टाकला. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, न्यायाधीशसाहेबांनी लिहिलं होतं: तीनदा पुकार केला, वादी गैरहजर. दावा परत लावायचा अर्ज दिला, तोही फेटाळला. कागदावर तीन हाका होत्या ना!

खरं तर एकही हाक झाली नव्हती. हवालदार तेव्हा साहेबांच्या घरचं दळण घेऊन गिरणीवर गेले होते.

"नंबरच लागंना, ताई. म्होरं दोन डबे होते," ते मला म्हणाले, जणू सगळी चूक गिरणीवाल्याची.

मावशींनी थेट न्यायाधीशांविरुद्ध तक्रार करायची ठरवली. ती साध्या अर्जावर चालत नाही. प्रतिज्ञापत्र लागतं, पुरावे लागतात आणि न घाबरणारी टायपिस्ट लागते. आधी गुपचूप चौकशी झाली. इतकी गुपचूप, की चहावाला मला रोज तिची प्रगती सांगायचा. मग दोषारोप, साहेबांचं लेखी उत्तर, आणि शेवटी रीतसर सुनावणी, बंद दाराआड. चौकशीला बाहेरून दुसरे न्यायाधीश आले, साहेबांनी वकील दिला.

मुख्य साक्षीदार हवालदारच. साक्षीदाराचा पुकार व्हायला हवा आणि त्या दिवशी ड्युटीही त्यांचीच. त्यांनी टोपी काढली, व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि स्वतःचंच नाव पुकारलं.

"अहो, तुम्ही इथंच आहात," मी म्हणाले.

"रोजनाम्यात तीन लिवतेत, ताई. तीन पायजेत." आणखी दोन हाका मारल्या, "हजर हाय!" म्हणाले आणि आत गेले.

आत काय झालं ते त्यांनीच बाहेर येऊन सांगितलं, दोघांच्याही आवाजात.

"म्हणजे कामाच्या वेळेत तुम्ही कोर्ट सोडलं होतं?" साहेबांच्या वकिलाने विचारलं. हो म्हटलं तर नोकरीवर बेतणार.

"सोडलं न्हाई. मला लावून दिलं."

"लेखी आदेश होता?"

"दळणाला लेखी आदेश कोण देतंय, वकीलसाहेब? पिशवी देतेत."

मग कित्येक महिने शांतता. मावशी येऊन विचारायच्या, "लागला का निकाल?" अहवाल सीलबंद पाकिटात वर गेलेला. तक्रारदाराला त्याची प्रत मिळत नाही म्हणे. जिची तक्रार, तिच्यापासूनच गोपनीय!

शेवटी पाकीट आलं, ते हवालदारांना. कारणे दाखवा नोटीस. 'पुकार न करताच दावा काढून टाकल्याचे चौकशीत सिद्ध झाले असून, त्या वेळी आपण विनापरवानगी पिठाच्या गिरणीवर होता. आपणावर कारवाई का करू नये?'

मी कपाळाला हात लावला. ते मात्र खूश.

"सिद्ध झालं म्हणायलेत, ताई! मावशीला हेची झेराक्स द्या. वरच्या कोर्टात कामाला येतंय."

"आणि तुमचं काय? वेळ नक्की आठवत नाही, असं लिहिते. नोकरी वाचेल."

"मंग मावशीचा कागद कच्चा पडंल. लिवा, मी गिरणीवर होतो."

"निदान माफी तरी मागा."

"कशाची? दळणाची?"

एका ओळीचं उत्तर. इतकं छोटं काम मी आजवर टाइप केलं नव्हतं.

त्या झेरॉक्सवर मावशींचा दावा पुन्हा लागला. हवालदारांची सोनपेठला बदली झाली, रेकॉर्ड रूममध्ये, जिथं कुणाला हाक मारायची नसते. साहेबांचं काय झालं, ते गोपनीय आहे.

मावशी तारखेला येतात, माझ्या टेबलाला खेटून बसतात.

"ते हवालदार कवा यायलेत?"

"येत नाहीत आता. सरका जरा, काम आहे मला."

त्या वीतभर सरकतात आणि पुढच्या तारखेला पुन्हा तेच विचारतात.