साखरपुड्यासाठी रिकामा केलेला हॉल

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, आमच्या चर्चच्या मागे एक नाला आहे. वर्षातले आठ-नऊ महिने त्यात पाणी कमी आणि प्लास्टिक जास्त असतं. पलीकडच्या काठावर वस्ती आहे, मातीच्या भिंतींची, पत्र्याच्या छपरांची. लहानपणी मी वडिलांच्या सायकलवर बसून खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमधून या चर्चला यायची. लग्नानंतर विजय नगरहून स्कूटरवर येऊ लागले. इतक्या वर्षांत नाल्यावरचा तो अरुंद पूल मी एकदाही ओलांडला नव्हता. त्या ऑगस्टमध्ये वस्तीच पूल ओलांडून आमच्याकडे आली.

तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. शनिवारी दुपारी आम्ही महिला समाजाच्या चार-पाच जणी रविवारच्या उपासनेसाठी चर्च झाडून घेत होतो. पाळकसाहेब गुडघ्यापर्यंत भिजलेले आत आले आणि म्हणाले, “हॉल खोल दीजिए, दीदी. लोग आ रहे हैं.” किल्ल्या माझ्याकडे असायच्या. मी कुलूप काढलं तेव्हा दारात आधीच माणसं उभी होती. गॅसच्या शेगड्या, गाद्या, एक टीव्ही, एका पिंजऱ्यात पोपट. तासाभरात हॉलमध्ये बावीस कुटुंबं झाली.

मी नवऱ्याला फोन करून मराठीत सांगत होते, घरातलं मोठं पातेलं आण, चहापत्ती आण. मागून कोणी तरी म्हणालं, “ताई, चूल कुठं मांडू?”

वळून पाहिलं तर सत्तरीची एक बाई. डोक्यावर कणकेचा डबा, काखेत परात. बाकी काहीच आणलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाली, एवढ्या माणसांना खायला लागेल हे दिसतच होतं, मग गादी कशाला उचलायची. ती मूळची गोंदियाकडची. नवरा इथं मजुरीला आला, इथंच वारला. तिनं तीस वर्षं हलवायांच्या हाताखाली लग्नाकार्यात पुऱ्या लाटल्या, आता गुडघे गेले म्हणून घरीच असायची. एकुलती लेक गोंदियाला दिलेली. मी तिला मावशी म्हणू लागले.

मी सरकारी कार्यालयात नोकरी केलेली, त्यामुळे याद्या करायची सवय. चादरी किती, बिस्किटं किती, कोणाकडून काय आलं. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मंडळीने कपड्यांचे ढीग आणून टाकले. देणाऱ्यांची मनं चांगली होती, पण त्या ढिगात उंच टाचांचे सँडल होते, कुणाचा लग्नातला कोट होता, बाह्या उसवलेले स्वेटर होते. मी ते सगळं टेबलावर मांडत होते. मावशी जवळ आली आणि हळूच म्हणाली, “हे काढून ठेवा ताई. हे पायलं की माणसाले आपण भिकारी झालो वाटते.”

मग तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी माझी यादी फाडून दुसरी केली. बायकांना साड्यांच्या आधी परकर हवे होते. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी हवी होती, कारण आल्यापासून कोणी बाई नीट अंघोळ करू शकली नव्हती. कंगवे हवे होते. आधार कार्डं, रेशन कार्डं, पोरांची वह्या-पुस्तकं भिजून एकमेकांना चिकटली होती, ती वाचवायला हवी होती. आमच्या तरुण संघाच्या मुलामुलींनी चर्चमधले बाक बाजूला केले, दोऱ्या बांधल्या आणि पंख्याखाली सगळे कागद वाळत घातले. दोन दिवस वेदीसमोर पानं फडफडत होती. एका बाईनं तर घरून इस्त्री आणून जन्माचे दाखले सरळ करून दिले.

अंघोळीचा प्रश्नही मावशीनेच सोडवला. तिचं म्हणणं होतं की तुमच्या इतक्या घरांत इतके बाथरूम, रोज एक-एक कुटुंब एकेकाकडे जाऊ द्या. पाळकसाहेबांनी पुढच्या प्रार्थनेला हे मांडलं. काही चेहरे उतरले, पण नावं आली. आमच्याकडे मावशी यायची. सोफ्यावर बसायची नाही, स्वयंपाकघरात पाट घेऊन बसायची. आमच्या घरात मराठी ऐकून तिला फार बरं वाटायचं. माझ्या लेकीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. मावशी तिला म्हणायची, “हिंदीत काहून बोलून राहिली व? मायच्या भाषेले लाजते का?” लेक हसायची आणि मोडकंतोडकं काही तरी मराठी बोलायची. तिचा साखरपुडा ठरला आहे हे मावशीला तिथंच कळलं. पुऱ्या मीच पाहीन, असं तिनं लगेच सांगून टाकलं.

हा साखरपुडा आमच्या चर्चच्या त्याच हॉलमध्ये होता. जूनमध्येच तारीख घेतली होती, पत्रिका गेल्या होत्या, नागपूरहून मुलाकडची माणसं यायची होती.

पाणी पाचव्या दिवशी उतरलं. बहुतेक कुटुंबं चिखल उपसून आपापली गेली. चार घरं राहिली, नाल्याला सगळ्यात जवळची. मावशीचं त्यातलंच. बाराव्या दिवशी चर्चच्या पंचांची बैठक होती. बैठकीच्या आधी पाळकसाहेबांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. म्हणाले, रविवारी तुमचा कार्यक्रम आहे, तुम्ही सांगाल तसं करू. माणसं राहिली तरी माझी हरकत नाही, काही तरी पाहू. मी सांगेन ते त्यांनी केलं असतं. मला हे ठाऊक होतं.

मी म्हणाले, “पाणी उतरून आठवडा झाला. त्यांनाही आता आपल्या घरी जावंसं वाटत असेल.”

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. त्या चार घरांतल्या एकीलाही मी काही विचारलं नव्हतं.

बैठकीत कोणी विरोध केला नाही. प्रत्येक कुटुंबाला पंधरा दिवसांचं धान्य द्यायचं ठरलं, ताडपत्री द्यायची ठरली. निरोपाची प्रार्थना झाली. मला वाटलं होतं मावशीला सांगणं जड जाईल, पण तिनंच माझी सुटका केली. म्हणाली, “लेकीचं कार्य हाय, जागा तं पायजेच. मले काय होते?” आणि बाकीच्या बायकांना घेऊन तिनं हॉल धुतला. मी नको नको म्हणत होते. त्यांनी कोपरेसुद्धा ब्रशने घासले. संध्याकाळी ती परात काखेत घेऊन पूल ओलांडून गेली. मी सोबत गेले नाही. मांडववाल्याचा फोन चालू होता.

साखरपुडा छान झाला. मावशी आम्ही दिलेली निळी साडी नेसून आली, शेवटच्या रांगेत बसली आणि थोड्याच वेळात उठून मागे स्वयंपाकाकडे गेली. पुऱ्यांचं तेल जास्त तापलंय म्हणून आचाऱ्याला रागावली. जाताना तिनं माझ्या लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. कडकड आवाज झाला. नागपूरच्या पाहुण्यांनी विचारलं, या कोण? मी म्हणाले, आमच्या मावशी.

बुधवारी कडक ऊन पडलं होतं. मी साखरपुड्यात आलेल्या साड्या कपाटात लावत होते. पाळकसाहेबांचा फोन आला. मावशी सकाळी दहाच्या सुमाराला भिंतीच्या सावलीला बसून तांदूळ निवडत होती. भिंत तिच्यावर आली. शेजाऱ्यांनी हातांनी माती उपसून तिला काढलं, रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती राहिली नाही.

मी त्या दिवशी पहिल्यांदा तो पूल ओलांडला. वीस पावलं आहेत.

घरात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तीन भिंती उभ्या होत्या, चौथीची माती अंगणभर पसरली होती आणि तिच्यात पांढरे तांदूळ होते. सूप एका बाजूला कोणी तरी नीट टेकवून ठेवलं होतं. कोणाला तरी त्या गडबडीतही ते नीट ठेवावंसं वाटलं.

मावशीचे लेक-जावई दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आले. नदीवरच्या ग्वारीघाटावर जावयाने अग्नी दिला. आमच्या मंडळीतली तीस-चाळीस माणसं आली होती. घाटावर काय करायचं, हात कुठं ठेवायचे हे आम्हाला कळत नव्हतं. पाळकसाहेबांनी जावयाला विचारून, मनातल्या मनात प्रार्थना केली. माझ्या शेजारी आमच्या मंडळीतले एक वृद्ध गृहस्थ उभे होते. आयुष्यभर बांधकाम खात्यात होते. पुरात त्यांनी हॉलच्या न्हाणीघराला कडी बसवून दिली होती. ते नदीकडे बघत म्हणाले, मातीची भिंत पाण्यात तग धरते. सुकायला लागली की तडकते आणि बसते. पाणी उतरल्यावर महिनाभर तरी अशा घरात जाऊ नये.

मी विचारलं, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?

“मुझे किसी ने पूछा नहीं, बेटी,” ते म्हणाले. रागाने नाही, अपराधी होऊन.

मावशीची लेक माझ्याशी बोलायला आली. माझ्याच वयाच्या आसपासची, आईसारखेच रुंद हात. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, तुम्ही सगळ्यांनी तिला फार जपलं, फोनवर रोज सांगायची. मग तिनं विचारलं, “तिले तुमच्याकडं बरं होतं म्हणे. मंग ती तिथून निघाली काहून?”

मी म्हणाले, “पाणी उतरलं होतं ना.”

तिनं मान हलवली. वाकून माझ्या पायांना हात लावला आणि गेली.

आठ दिवसांनी माझी लेक माझ्याजवळ येऊन बसली. तिला कोणाकडून तरी कळलं होतं की शेवटची चार घरं आमच्या कार्यक्रमासाठी हॉलमधून हलवली. तिला वाटलं होतं सगळे आपणहून गेले. ती चुन्नीचं टोक गुंडाळत बसली. मग म्हणाली, “मम्मी, छत पे भी हो जाता. मुझसे पूछ तो लेतीं.”

आमची गच्ची मोठी आहे. वर ताडपत्री ताणली की तिथं पन्नास माणसं सहज बसतात. उरलेल्यांना शेजाऱ्यांनी आपली गच्ची दिली असती. हे मला त्या बुधवारपर्यंत सुचलं नाही, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

नाताळच्या आधीच्या उपासनेत मी उठून मंडळीसमोर सगळं सांगितलं. व्हरांड्यात मला काय विचारलं गेलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही. कोणी मला दोष दिला नाही. त्या दिवशी कोणी तरी द्यायला हवा होता. दोन-तीन जणी रडल्या, एकीनं मला मिठीत घेतलं, आणि मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं.

घरी येऊन मी गोंदियाला फोन लावला. मावशीच्या लेकीला म्हणाले, मी त्या दिवशी घाटावर खरं सांगितलं नाही. हॉल माझ्या मुलीच्या साखरपुड्यासाठी रिकामा केला. तुमच्या आईला मीच जायला लावलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केला असावा.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “आईनं सांगतलं होतं. लई खुश होती, ताईच्या पोरीचा साखरपुडा हाय म्हणून. मले वाटलं, तुमी घाटावरच सांगसान. म्हणून तं विचारलं मी.”

मग म्हणाली, पोरं जेवायची आहेत, ठेवते.

आता आमच्या मंडळीचा नियम आहे. पावसाळ्यात हॉल कोणाच्याही कार्यासाठी आधीपासून दिला जात नाही. पाणी आलं तर ते बांधकाम खात्यातले आजोबा आणि मी पाणी उतरल्यावर घराघरात जातो. ते भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकून ऐकतात, मी लिहून घेते, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय कोणाला परत पाठवत नाही. मागच्या वर्षी तीन कुटुंबं हॉलमध्ये महिना-सव्वा महिना राहिली. रविवारची मुलांची शाळा तेवढे दिवस बाहेर झाडाखाली भरली. शहरातल्या इतर दोन चर्चनीही हे विचारून घेतलं. लोक म्हणतात, चांगली पद्धत पडली.

लेकीचं लग्न नागपूरला झालं. साखरपुड्याचा अल्बम तिनं सासरी नेला नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी मी गोंदियाला फोन लावते. ती कधी उचलते, कधी नाही. उचलला की आम्ही तिच्या पोरांच्या शाळेचं बोलतो, तिच्या गुडघ्यांचं बोलतो, तेही आता दुखायला लागले आहेत. एवढंच बोलून ती ठेवते.