धूर खाल्लेला कागद

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मुलचेऱ्याच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीण बाईंचं नाव घेतो. नाव म्हणजे 'बाई'च. आम्ही पोरं त्यांना दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखत नव्हतो. त्या सही करत नाहीत, अंगठा लावतात. मी बीए झालो तो त्यांच्यामुळे, आणि त्यांच्या हातातून शेत निसटायची वेळ आली ती माझ्यामुळे.

माझे आईवडील कोरपन्याकडे कापूस वेचायला जायचे. सहा-सहा महिने घर बंद असायचं, म्हणून मला वसतिगृहात ठेवलं होतं; मोठ्या सुटीत मी बाईंच्या गावी जायचो. दहावीच्या वर्षी माझ्या दप्तरात पाणी शिरलं आणि जुन्या शाळेचा दाखला लगदा होऊन बाहेर आला. परीक्षेच्या अर्जाला तो लागणार होता. मी स्वयंपाकघराच्या दाराशी रडत बसलो होतो.

"काऊन गा, कागद का भाजी हाये, भिजवून आनला तू?" बाई म्हणाल्या. मी आणखी रडलो. मग त्या हसायच्या थांबल्या.

सुटीच्या दिवशी त्या माझ्यासोबत माझ्या पहिल्या शाळेपर्यंत चालत आल्या. जाताना जंगलातून, येताना सडकेने. मास्तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. बाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापर्यंत इथीच बसतो गुरुजी. पानी तेवढं पाजा." दुपारी दाखल्याची दुसरी प्रत मिळाली.

परतल्यावर त्यांनी बांबूचा हातभर तुकडा कापला. एका बाजूची गाठ तशीच ठेवली, दुसऱ्या बाजूला लाकडाचं बूच बसवलं. माझा दाखला गुंडाळून त्यात घातला आणि नळकांडं चुलीवरच्या आढ्याला टांगलं. "धूर खाल्लेला कागद वाळवी खात नाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या गावात सगळ्यांचे कागद असेच असतात. घरात शिरलं की चुलीच्या वर, काळ्या झालेल्या नळकांड्यात, घराचा सगळा इतिहास लटकत असतो.

ते नळकांडं घेऊनच मी चंद्रपूरला कॉलेजात गेलो. खोलीतली पोरं विचारायची, यात बासरी आहे का. पदवी घेतली, नोकरी लागली आणि खोली बदलताना मी ते तिथेच ठेवून आलो. विसरलो नव्हतो. ठेवून आलो.

माझी नोकरी लोकांना ऑनलाइन कामं शिकवायची. सातबारा मोबाइलवर कसा काढायचा, दाखल्यासाठी घरबसल्या अर्ज कसा करायचा, टाइप करता येत नसेल तर बोलून कसं लिहायचं, रेंज नसलेल्या भागात जाण्याआधी नकाशा कसा उतरवून घ्यायचा. गावोगावी शिबिरं घ्यायचो. रोज सकाळी एका ग्रुपवर एक उपयोगी गोष्ट टाकायचो. लोक मला 'टिपवाले सर' म्हणायला लागले. मला ते आवडायचं. ज्याच्या घरात आधी कुणी अर्ज वाचला नव्हता, त्याने दुसऱ्यांना अर्ज शिकवावेत, यात मला माझ्या शिक्षणाचं सार्थक वाटायचं. आजही त्यातलं पुष्कळसं खरंच उपयोगाचं आहे. कडवटपणापोटी मी तेवढं नाकारणार नाही.

तीन वर्षांपूर्वी असंच एक शिबिर मी बाईंच्या गावात घेतलं. जंगलातलं गाव. बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, घरी सून होती. त्यांनी शेजारणींना सांगितलं, "हा माया हातचा भात खाऊन साहेब झाला." मी ओशाळलो आणि सुखावलोही. कसं फेडू, असं झालं होतं. म्हणून शिबिर संपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "बाई, तुमचे सगळे कागद द्या. मी मोबाइलमध्ये भरून देतो."

सुनेने नळकांडं उतरवलं. आत सात कागद होते. त्यातला एक बाईंनी स्वतः उलगडला. वनखात्याने फार पूर्वी त्यांच्या घरधन्याला केलेल्या दंडाची पावती होती ती. जंगलाच्या जमिनीवर नांगर घातला म्हणून दंड. त्या दिवशी घरधनी पावती चुलीत टाकायला निघाला होता. बाईंनी ती हातातून ओढून घेतली, कारण कागद जाळायचा नसतो एवढंच त्यांना ठाऊक होतं. पुढे वनहक्काचा कायदा आला. ठरलेल्या तारखेच्या आधीपासून जमीन कसत होता याला पुरावा काय, असं विचारू लागले, तेव्हा तीच पावती कामाची ठरली.

"ज्या कागदानं आमाले चोर म्हटलं," बाई म्हणाल्या, "तोच आता मालक म्हनते. पाय गंमत."

दावा वर्षानुवर्षं पडून होता. पण पावती होती, तोवर शेत जाईल अशी भीती नव्हती.

मी सातही कागद स्कॅन केले. माझ्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये कागद साफ करायची सोय होती. बटण दाबलं की धुराने तपकिरी झालेला कागद दुधासारखा पांढरा आणि अक्षरं काळीभोर. मी सुनेला दाखवलं. "अगो माय, नवाच झाला!" ती म्हणाली. बाईंनी मात्र मोबाइलपेक्षा माझ्याकडेच जास्त पाहिलं.

मग मी पिशवीतून बटण लावायची लाल प्लास्टिकची फाईल काढली. खास त्यांच्यासाठी आणली होती. "आता हे नळकांडं काढून टाका. कागदाला धुराचा वास लागतो, कडा तुटतात. फाईल पेटीत ठेवा. आणि काही झालंच तर माझ्याकडे मोबाइलमध्ये सगळं आहे."

बाईंनी रिकामं नळकांडं हातात फिरवलं. "धूर नाई लागन मंग," त्या म्हणाल्या.

"नाही लागणार," मी म्हणालो. मला वाटलं, त्यांना आनंद झाला आहे.

माझ्याजागी दुसरा कुणी असता तर त्यांनी ऐकलं नसतं. गावातल्या एकाही घराने नळकांडं उतरवलं नाही. माझं शिबिर सगळ्यांनी ऐकलं, माना हलवल्या आणि आपापले कागद चुलीवरच ठेवले. फक्त बाईंनी उतरवलं, कारण मी त्यांचा होतो. नळकांड्याची गाठ फोडून त्यांनी त्याची फुंकणी केली.

गेल्या पावसाळ्यानंतर दाव्याच्या फेरतपासणीची नोटीस आली. मूळ कागद घेऊन हजर राहा. सुनेने पेटी उघडली. पेटी मातीच्या भिंतीला लागून होती. फाईलचं बटण शाबूत होतं, पण आत ओल धरली होती आणि मोकळ्या कडेने वाळवी शिरली होती. सुनेचा फोन आला तेव्हा ती नीट बोलतही नव्हती.

"दादा, फाईलमंधी मातीच हाये."

मी म्हणालो, "घाबरू नका. माझ्याकडे आहे." हे म्हणताना माझ्या मनाला थोडं बरं वाटलं होतं, हे आज लिहायला लाज वाटते. मला वाटलं, बघा, माझं शिक्षण वेळेला उपयोगी पडलं.

रंगीत प्रिंट काढून मी बाईंसोबत कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने कागद उजेडाकडे धरला, मग उलटा केला.

"सर, शिक्का कुठी हाये?"

"आहे ना. जांभळा, गोल. खाली उजवीकडे."

"इथी तं नाई. सहीबी अर्धीच हाये."

मी मोबाइल काढला, चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. जिथे शिक्का होता तिथे पांढरं होतं. नुसतं पांढरं. ज्या बटणाने धूर साफ केला, त्यानेच पुसट जांभळी शाईही साफ केली होती. मूळ फोटो जुन्या मोबाइलमध्ये होते, आणि तो मी देऊन टाकला होता. सातपैकी एकही कागद मी त्या दिवशी नीट तपासला नव्हता. लोकांना मात्र दर शिबिरात सांगत होतो, जतन करण्याआधी एकदा तपासा.

"मूळ पावती आना, नाहीतर दावा नामंजूर," बाबू म्हणाला. रागाने नाही. त्याच्या टेबलावर तसे पुष्कळ गठ्ठे होते.

बाहेरच्या झेरॉक्सवाल्याने आमचं बोलणं ऐकलं होतं. "सर, काऊन टेन्शन घेता? दुसऱ्या पावतीवरचा शिक्का उचलतो, तुमच्यावर बसवतो. दोन मिनटाचं काम. कोनाच्या बापाले कळनार नाई."

मी लगेच 'नको' म्हणालो नाही. हेही लिहून ठेवतो. मी त्याच्या पडद्याकडे पाहत राहिलो. असा शिक्का कसा उचलायचा हे मलाही येत होतं.

बाईंनी विचारलं, "काय म्हनते तो?" मी सांगितलं.

"खोटा शिक्का?" त्या म्हणाल्या. "दंड तं खरा भरला ना आमी. घरधनी दोन दिवस जेवला नाई त्या रागानं. आता खोटा शिक्का मारला तं तो दंडबी खोटा होईन. चाल."

बसस्टँडवर त्यांनी ती प्रिंट घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "तुया मोबाइलले धूर नाई लागत ना गा, म्हनून." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी वनखात्याच्या कार्यालयात गेलो. पावतीची दुसरी प्रत त्यांच्या पुस्तकात असायला हवी होती. तिथला कारकून म्हणाला, तेवढी जुनी पुस्तकं आता नाहीत. "वाळवी आमालेबी लागते सर," म्हणून हसला. मी लेखी मागितलं, त्याने लेखी दिलं. पुस्तक हरवलं म्हणून तिथे कुणाची जमीन जात नव्हती.

दावा नामंजूर झाला. अपिलाला मुदत आहे.

त्या आठवड्यात मी ग्रुपवर टीप टाकली: जुना कागद स्कॅन करताना मूळ रंगात ठेवा, शिक्का आणि सही मोठी करून पाहा, मूळ कागदाची जागा बदलू नका. अर्ध्या तासात पुष्कळ अंगठे आले. 'उपयुक्त माहिती सर.' 'धन्यवाद सर.' मी ते पाहत होतो आणि मला नामंजुरीच्या आदेशाखालचा, पोहोच म्हणून घेतलेला, बाईंचा निळ्या शाईचा अंगठा दिसत होता. ही टीप मला कुणामुळे कळली ते मी ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे लिहिणं सोपं होतं, म्हणूनच लिहिलं नाही. जिथे लिहायला हवं होतं तिथे लिहिलं, आणि त्यासोबत बाईंना हे पत्र पाठवलं. पोस्टाने, हाताने लिहून.

*

बाई,

नमस्कार. हे पत्र सुनबाई वाचून दाखवतील. त्यांना म्हणावं, सावकाश वाचा, मधलं काही गाळू नका.

फाईल मी दिली. नळकांडं मी काढायला लावलं. कागद वाळवीने खाल्ला, पण वाळवीला वाट मी करून दिली. बसस्टँडवर तुम्ही मला हे बोलला नाहीत. म्हणून मी बोलतो.

कायद्यात असं आहे की पावती नसेल तर म्हाताऱ्या माणसांचे जबाबही पुराव्यात धरतात, मात्र त्यांचा स्वतःचा त्या जमिनीवर दावा नसावा. पलीकडच्या गावातले तुमचे दोन व्याही आणि तुमच्या शेताच्या बांधावर गुरं चारणारे ते म्हातारे भाऊ, या तिघांना विचारून ठेवा. त्यांचे जबाब मी लिहून घेईन आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन. ते हो म्हणाले तरच अंगठा.

चौथा जबाब माझा आहे. सोबत पाठवला आहे. मी म्हातारा नाही, तो किती धरतील मला माहीत नाही. त्यात लिहिलं आहे की ठरलेल्या तारखेच्या आधीची दोन वर्षं मी तुमच्या शेतातल्या मचाणावर बसून डुकरं हाकलली, तुमच्या नव्या तांदळाचा भात खाल्ला, आणि वसतिगृहाच्या सुटीत धानाच्या पेंढ्या बांधल्या. पेंढीची गाठ मला जमत नव्हती आणि तुम्ही हसायच्या, हे लिहिलं नाही. पुढे लिहिलं आहे की दंडाची मूळ पावती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तिच्यावर जांभळा गोल शिक्का होता, ती माझ्या सांगण्यावरून जागेवरून हलवली आणि म्हणून नष्ट झाली. स्कॅनमध्ये शिक्का नाही तो माझ्या चुकीमुळे. माझं काम काय आहे तेही लिहिलं आहे. साहेबांनी नोकरीच्या ठिकाणी कळवलं तर कळवू देत.

याने शेत मिळेलच असं मी म्हणत नाही. 'काळजी करू नका, माझ्याकडे आहे' असं मी तुम्हाला एकदा म्हणालो होतो. आता म्हणत नाही.

मी गुरुवारी येतो. मोबाइल आणणार नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. अर्ज त्यावरूनच भरावा लागेल.

येताना बांबू तोडून आणतो. गाठ कोणत्या बाजूची ठेवायची ते माझ्या लक्षात आहे, बूच तेवढं तुम्ही बसवा. तोवर हे पत्र आणि जबाब पेटीत ठेवू नका. फडक्यात बांधून चुलीवर टांगा.

तुमचा,
कागद भिजवून आणणारा