माझ्या नावाची चावी

"अरे, तू धर तो प्लग."

साहेब मला म्हणाले. देवासच्या आमच्या कारखान्यातला ट्रेनिंग हॉल. भिंतीतला बोर्ड ढिला झालेला. प्लग हातानं दाबून धरला तरच प्रोजेक्टर चालायचा. हॉलमधल्या सगळ्यांत मी वयानं मोठा. साहेबांपेक्षाही. तिवारींना ते 'जी' लावत. मालवीय मॅडमना 'आप'. मला 'अरे'.

मी उठलो. भिंतीशी ओणवा होऊन प्लग धरला.

मी तिथे शिकायला आलो होतो. मालाच्या तपासणीचे रिपोर्ट मी जुळवतो. एक आकडा इकडचा तिकडे होऊ देत नाही. आता ते सगळे रिपोर्ट क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या संगणकांवर जाणार होते. त्यासाठी एक लायब्ररी शिकायची होती. पुस्तकांची नव्हे. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांचा संच. तो आपल्या संगणकावर बसवायचा, मग चार ओळी लिहिल्या की फाइल वर चढते. ज्याचा पहिला प्रोग्राम चालेल तो नव्या विभागात. ज्याचा नाही चालणार तो गोदामात, पोती मोजायला. असं साहेबांनीच जाहीर केलं होतं.

आणि मी प्लग धरून उभा.

चहा आला. सगळ्यांना खुर्चीवर मिळाला. माझा कप कुणीतरी खिडकीत ठेवला. हात सोडला तर पडदा काळा. चहावर साय धरली.

साहेब मूळचे धारचे. आजोबा संस्थानच्या कचेरीत मोठे अधिकारी. घरात अजून जुन्या वळणाचं मराठी बोलतात, याचा त्यांना अभिमान. माझे वडील कारखान्यात नोकरी लागली म्हणून महाराष्ट्रातून इथे आले. मी हिंदी शाळेत शिकलो, मराठी आईकडून. पहिल्या दिवशी साहेबांनी आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले. त्या एका 'अच्छा'नंतर मला कधी खुर्ची मिळाली नाही.

चहा पिता पिता ते माझ्याकडे बघून हसले.

"आजोबांच्या कचेरीत तुमच्यापैकीच एक पंखा ओढायचा. दिवसभर. डोळा लागला तरी हातातली दोरी सुटायची नाही. फार इमानी माणसं तुमची!"

हॉल हसला. कुणीतरी म्हणालं, "भिया, सो मत जाना."

मी विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"कोणाचं?"

"पंखा ओढणाऱ्याचं."

"नाव? असेल काहीतरी."

मी प्लग सोडला.

पडदा काळा झाला. हसणंही थांबलं.

"धर तो."

"नाही धरत."

"मग बाहेर जा."

"बाहेरही जात नाही. शिकायला बोलावलंय मला."

तिवारींच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती. तिथे जाऊन बसलो. शेवटी साहेबांनी शिपायाकडून दुसरा, लांब वायरीचा बोर्ड मागवला. तो हॉलच्या कोपऱ्यातच होता. सकाळपासून.

लायब्ररी बसवली. चार ओळी लिहिल्या. प्रोग्राम चालवला. उत्तर आलं, ओळख सापडली नाही. प्रत्येकाला स्वतःची एक चावी लागते. अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. ती दाखवल्याशिवाय क्लाउड दार उघडत नाही. सगळ्यांच्या चाव्या काढलेल्या होत्या. माझी नव्हती.

"तुझी काढायची राहिली," साहेब म्हणाले. "तिवारीजींच्या चावीवर कर. काय फरक पडतो?"

तिवारी मनानं चांगले. कुजबुजले, "भिया, मेरी से चला ले ना. क्यों पंगा ले रिया है?"

तोवर मी ट्रेनिंगच्या पुस्तिकेतलं पुढचं पान वाचलं होतं. ज्याची चावी, काम त्याच्या नावावर नोंदलं जातं. फाइल कुणी चढवली, कुणी पुसली, केव्हा, सगळं. म्हणजे मी चढवलेली प्रत्येक फाइल तिवारींची ठरणार. मला वडील आठवले. लेथवरचं काम त्यांचं, कार्डावर नाव मिस्त्रीचं. वडील 'हेल्पर' म्हणूनच निवृत्त झाले. माझ्या रिपोर्टांवरही सही साहेबांची.

"दुसऱ्याच्या चावीवर मी काम करणार नाही," मी म्हणालो.

"मग गोदामात जा."

संध्याकाळी यादी लागली. गोदामासमोर माझं नाव. एकट्याचं.

रविवारी दुपारी घरी मुलीच्या लॅपटॉपवर मी स्वतःचं खातं उघडलं. चावी काढली. लायब्ररी बसवली. आणि पहिला प्रोग्राम लिहिला : क्लाउडवरच्या माझ्या साठ्यात काय आहे ते दाखव. उत्तरात दोन कंस आले. मध्ये काही नाही. बायको मागून बघत होती.

"काहीच नाही की हो यात."

"रिकामंच आहे. पण माझ्या नावावर आहे."

सोमवारी मुख्य कार्यालयाला लिहिलं. माझी चावी काढली नाही. दुसऱ्याची वापरायला सांगितलं. कंपनीच्याच नियमात त्याला मनाई आहे. प्लगबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पंख्याबद्दलही नाही. ते माझ्याजवळ ठेवलं.

चावी आली. गोदामाचा हुकूम रद्द झाला. साहेब व्हरांड्यात भेटले. पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाले.

"मिळाली ना तुम्हाला? आता विसरून जा."

मी विसरणारा माणूस नाही. जुळवणं हा माझा धंदा आहे.

आता रिपोर्ट मी माझ्या चावीनं चढवतो. नोंदीत माझं नाव उमटतं. आडनावासकट. आणि त्याच नोंदी रोज जुळवून वर, मुख्य कार्यालयाला पाठवणं हेही माझंच काम. त्यात साहेबांचं नावही असतं. त्यांनी काय उघडलं, काय बदललं, काय पुसलं. आजवर त्यांच्या चुका खाली कुणाच्या तरी माथी जायच्या. आता जाणार नाहीत.

मी खोटं काही लिहिणार नाही. वाढवणार नाही. लपवणारही नाही. त्यांचा हात ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी ती ओळ जशीच्या तशी वर जाईल. ते विनवतील. "अहो, काय फरक पडतो?" म्हणतील.

मी त्यांना त्या पंखेवाल्याचं नाव विचारीन.