हाफटाइमला शौकतभाई उठले नाहीत

नसीमचा फोन आला तेव्हा मी एका लग्नाच्या मांडवात शिडीवर चढून भोंग्याची वायर बांधत होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मी खाली उतरलो, शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसलो, आणि मनात आधी आली ती शंका. दुःख मागाहून आलं. कारण शौकतभाई याआधीही एकदा 'गेल्यात जमा' झाले होते. नांदगाव खंडेश्वरच्या सामन्यांआधी त्यांनी स्वतःच मूर्तिजापूरभर उठवून दिलं होतं की शौकत आता दोन दिवसांचा सोबती आहे. लोक फळं घेऊन घरी गेले, तर खाट रिकामी. हा गृहस्थ तिकडे नांदगावला, कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत लपून, समोरच्या संघाचा सराव पाहत बसलेला! "आपुन मराले टेकलो म्हनल्यावर ते बिनधास्त खेळतीन ना बे," हा खुलासा. तेव्हा नसीमचा फोन ठेवल्यावरही मी थोडा वेळ वाट पाहिली. म्हटलं, कुठल्या तरी मैदानाच्या कडेला सापडेल... पण या वेळी बातमी खरी होती. आयुष्यभर प्रत्येक निर्णयावर हरकत घेणाऱ्या माणसानं हा एकच निर्णय बिनतक्रार मान्य केला, हे मला आजही संशयास्पद वाटतं.

शौकतभाईंचं आमच्या मूर्तिजापुरात स्टेशनच्या रस्त्यावर बांगड्यांचं दुकान. आणि आमचं गावातलं कबड्डी मंडळ हा त्यांचा दुसरा संसार. स्वतः कधी खेळले नाहीत. अंगकाठी अशी की वारा आला तर आम्हीच त्यांना धरायचो. पण पऱ्हाटीचे पहिले वेचे झाले, हवेत जरा गारवा आला आणि कुठल्या गावी सामने लागले, की दुकान नसीमच्या अम्मीवर सोपवून हे निघाले. बगलेत एक बुटकं लाकडी स्टूल. बांगड्या भरायला येणाऱ्या बायकांना बसायला म्हणून दुकानात असायचं ते. सामन्याच्या दिवशी बायका उभ्यानं बांगड्या भरायच्या. माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा, त्यामुळे माईक माझ्या हातात. आणि माईक हातात आला की मी थांबत नाही, हे अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर सर्वांना माहीत आहे. शौकतभाई मला नावानं हाक मारत नसत. "ए माईकवाल्या!" म्हणत.

त्यांचा सगळा जीव संशयात होता. पंचाची शिट्टी आमच्या चढाईच्या वेळी जरा लवकर वाजते, हा संशय. नाणेफेकीचं नाणं दोन्हीकडून सारखं आहे, हा संशय. एकदा पंचाच्या हातातून घेऊन त्यांनी ते चक्क चावून पाहिलं होतं. बार्शीटाकळीला यजमानांनी आमच्या पोरांना चहा दिला, तर ह्यांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "येवढी साखर कावून टाकली? पोरं सुस्त व्हावं म्हनून!" शकुंतलेनं, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेनं, अचलपूरला निघालो होतो, गाडी नेहमीप्रमाणे रमतगमत चाललेली, मधेच थांबली. समोर गाय उभी. शौकतभाईंनी खिडकीतून डोकं काढून गायीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे कोनाची गाय व्हय?" म्हणजे तिचा मालक अचलपूरच्या मंडळाचा तर नाही ना! माझ्या आठवणीत त्यांचा एकही संशय कधी खरा ठरला नाही. पण त्यामुळे ते नाउमेद झाले नाहीत. "काही सापडलं नाई म्हंजे पाह्य, किती सफाईनं केलं त्याईनं," असं म्हणून ते उलट खूष व्हायचे.

मात्र एका बाबतीत ते थट्टा चालवून घेत नसत. एकदा आम्ही हरत होतो आणि गर्दीतून एक जण ओरडला, "बांगड्या भरा रे!" शौकतभाई स्टुलावरून उठले, गर्दीत शिरले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. "तुही मायच येते माह्या दुकानात. हातात बांगड्या घालूनच तिनं सारं वावर निंदलं, तुले एवढा मोठा केला. मंग शिवी कावून देऊन रायला बे बांगडीले?" मी माईक त्यांच्या दिशेनं धरला होता, त्यामुळे ते साऱ्या मैदानानं ऐकलं. त्यानंतर आमच्या भागातल्या मैदानांवर ती आरोळी मी तरी ऐकली नाही.

कबड्डीत हाफटाइमनंतर संघ बाजू बदलतात. शौकतभाईही बदलत. पहिला अर्धा वेळ आमच्या पोरांच्या पाठीशी, आणि मध्यंतराची शिट्टी झाली की स्टूल उचलून, मैदानाला अर्धी प्रदक्षिणा घालून, पुन्हा आमच्याच पोरांच्या पाठीशी. मी माईकवरून सांगायचो, "शौकतभाई बाजू बदलत आहेत. पंचांनी कृपया नोंद घ्यावी!" लोक टाळ्या वाजवायचे. ते हात हलवायचे, एखाद्या मंत्र्यासारखा.

मग ती वर्षं आली. वऱ्हाडात त्यांची वेगळी ओळख सांगावी लागत नाही. सकाळी पेपर उघडताना आधी आतली पानं पाहायची, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत आपल्या तालुक्याचं नाव तर नाही ना, आणि मग पहिलं पान. पोरं गाव सोडू लागली. कोणी पुण्याला, कोणी सुरतेला. आमच्या मंडळातले चौघं अकोल्याला डाळ मिलमध्ये लागले आणि तिथल्याच एका मंडळाकडून खेळू लागले. त्यांत आमचा सगळ्यात चपळ चढाईपटू गजू. गजू आणि आमचा कप्तान देवीदास सख्खे चुलतभाऊ, एका घरातले, एका ताटात जेवलेले. देवीदास वावर आणि मंडळ दोन्ही धरून मागं राहिला. गजू गेला तेव्हा देवीदास त्याला म्हणाला, "आजपासून तू समोरच्या बाजूचा." आणि बोलणं टाकलं. संघात सात जण जमवायचे म्हणजे देवीदासला दारोदार हिंडावं लागायचं.

अशा दिवसांत बातमी आली की शौकतभाई दर रविवारी अकोल्याला जातात. घरी सांगत, "माल पाह्यले चाललो." पण परत येताना मालाची पेटी रिकामीच. कोणीतरी त्यांना अकोल्याच्या त्या मंडळाच्या मैदानावर पाहिलं होतं. स्टुलावर बसून. टाळ्या वाजवताना!

झालं! दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर, त्यांच्याच नजरेसमोर, त्यांच्याविरुद्ध खटला उभा राहिला. आमचे डावपेच तिकडे पुरवतात, असं एक म्हणाला. दुसऱ्यानं मागच्या तीन पराभवांचा हिशेब त्यांच्यावर लावला. देवीदास चहाचा कप फिरवत एवढंच म्हणाला, "खरं निंगालं, त शौकतभाईनं आपल्या मैदानावर पाय ठेवू नये." त्या मैदानाशिवाय शौकतभाई म्हणजे काय, हे टपरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. समोर दुकानात ते एका म्हातारीचा हात दाबून मऊ करत होते, बांगडी चढवायला... मान वर करून पाहिलं नाही त्यांनी. संशय घेणाऱ्या माणसाला आपल्यावरचा संशय कळत नाही, असं कसं होईल?

पाळत ठेवायला मला निवडलं. कारण मी नाटकी आहे, हे सर्वमान्य. पुढच्या रविवारी डोक्याला मफलर गुंडाळून, चष्मा लावून, मी पॅसेंजरमध्ये त्यांच्या मागच्या डब्यात बसलो. अकोल्याच्या मैदानावर एका चिंचेच्या झाडाआड उभा राहिलो. आणि पाहतो तर काय, शौकतभाई स्टुलावर, आणि तोच आवाज, तीच तळमळ: "गजू, गुडघा सांभाळ! गजू, कोपऱ्याकडं पाहून राय!" गजूनं पकड सोडवून गडी मारला तेव्हा ते उठून नाचले. मी झाडाआड जळून गेलो. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या चढाईला टाळी माझीही वाजली. खेळ संपल्यावर त्यांनी मालाची पेटी उघडली. आत पितळी डबा. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. गजू मैदानातच मांडी घालून जेवायला बसला. डबा पालथा पडला तेव्हा बुडावर कोरलेलं नाव मला दिसलं. आमच्याकडे भांड्यावर नाव घालून घेतात, शेजारी गेलेलं भांडं परत यावं म्हणून. नाव देवीदासच्या बापाचं होतं. म्हणजे डबा देवीदासच्याच चुलीवरचा... गजूची काकू, म्हणजे देवीदासची आई, पाठवत होती, लेकाला चोरून.

परतीच्या गाडीत शौकतभाई सरळ माझ्यासमोर येऊन बसले. "मफलर काढ आता. गर्मी होऊन रायली असन." मी काढला. "अन् पाह्य, काकूचं नाव कुठं निंगालं नाई पाहिजे. माहं काय व्हायचं ते होऊ दे. शक कराचं काम माहं व्हय. तू आपला माईक सांभाळ."

टपरीवर मी सांगितलं, मला तिथं कोणी दिसलं नाही. त्या दिवसापासून लोक माझ्याकडेही तिरपं पाहू लागले.

आणि मग अमरावतीच्या स्पर्धेत अंतिम सामना लागला: आम्ही विरुद्ध अकोला. देवीदास विरुद्ध गजू. माईक माझ्याकडे. मैदानाभोवती अशी गर्दी की कडुनिंबाच्या फांद्यांवरही माणसं. पण दोन्ही गावांची नजर मैदानावर नव्हतीच. स्टूल कुठं पडतं, इकडे होती. शौकतभाई आले. शांतपणे कडुनिंबाच्या बाजूला, आमच्या पोरांच्या पाठीशी बसले. आमच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. देवीदासनं मागं वळून पाहिलं आणि मान हलवली. मला वाटलं, सुटलो! पहिला अर्धा वेळ अटीतटीचा झाला. मध्यंतराची शिट्टी झाली. पोरं बाजू बदलू लागली. मी सवयीनं माईक तोंडाशी नेला, "शौकतभाई बाजू..." आणि थांबलो.

शौकतभाई उठले नाहीत.

आमची पोरं पलीकडे गेली. अकोल्याची पोरं त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, गजू अगदी हाताच्या अंतरावर. स्टूल जागचं हललं नाही. "ऐकलं का, उठा ना!" आमच्या बाजूनं कोणी ओरडलं. "दगाबाज!" आणखी कोणी. अकोलेकरांनाही भरवसा वाटेना. ते म्हणत होते, हा आमच्या मागं बसून खुणा करणार. दोन्ही बाजूंचा संशय एकाच बुटक्या स्टुलावर बसलेला! मी आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात असून गप्प राहिलो. मला तेव्हा उमगलं... उठले असते तर एका पोराला पाठ द्यावी लागली असती. न उठता अर्धा वेळ देवीदास त्यांचा झाला, अर्धा वेळ गजू. इतका साधा हिशेब, पण तिथं हजर असलेल्या एकालाही तो पटण्यासारखा नव्हता.

शेवटची चढाई गजूची. देवीदासनं त्याचा घोटा धरला, गजूनं मध्यरेषेकडे अंग झोकून दिलं, वर धुळीचा लोट. पंच वाकून पाहू लागले. मी शौकतभाईंकडे पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यभर गुणलेखकाच्या खांद्यावरून डोकावून गुण तपासले, तो माणूस निर्णयाची शिट्टी व्हायच्या आत उठला, स्टूल बगलेत घेतलं आणि गर्दीतून बाहेर पडला. निकाल न ऐकता. मागं वळून न पाहता.

तो निकाल त्यांनी कोणालाच विचारला नाही. दुकानात कोणी विषय काढला की म्हणत, "बांगड्या कोनत्या दाखवू?" आणि हळूहळू गावात रीतच पडून गेली, शौकतभाईंसमोर तो सामना काढायचा नाही. त्यांना आमच्या मैदानावर येऊ नका असं देवीदास तोंडावर कधी म्हणाला नाही. या असंही म्हणाला नाही. पुढच्या सामन्याला ते आपले आले, स्टूल टाकलं, आणि पंचाची शिट्टी तपासायला मागितली. पोरं हसली. तिथं ते प्रकरण मिटलं, असं मला वाटलं.

पण शेवटचे भेटलो तेव्हा, दवाखान्यात, नसीम औषधं आणायला खाली गेली होती, त्यांनी मला जवळ बोलावलं. "माईकवाल्या, त्या दिवशी कोन जिकलं बे?" इतक्या वर्षांनी! मी म्हटलं, "बरोबरीत सुटला, शौकतभाई." त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं त्या गायीकडे पाहिलं होतं. "फायनल बरोबरीत सुटत नसते," ते म्हणाले. "मले तुह्यावर शक आहे." आणि डोळे मिटून हसले. पुन्हा विचारलं मात्र नाही. निकाल मला माहीत आहे, देवीदासला आहे, गजूला आहे. इथं लिहीत नाही. हे छापून येईल ती रविवारची पुरवणी नसीम त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि ती सवय तिनं सोडली असेल याची मला खात्री नाही.

त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर दुकानात गेलो. आता नसीम चालवते. स्टूल गल्ल्याशेजारी होतं. मी नेहमीचा नाटकी, वाकून त्याची तपासणी सुरू केली, आणि सापडलं! दोन पाय जास्त झिजलेले, एकाच बाजूचे. म्हणजे शौकतभाई एका बाजूला झुकून बसत. कोणत्या? मी स्टूल मैदानावर ठेवल्यासारखं ठेवलं आणि ओरडलो, "नसीम, हे पाह्य! झिजलेले पाय आपल्या बाजूचे! तुझे अब्बा शेवटपर्यंत आपल्याकडेच झुकून होते!"

नसीमनं हातातली बांगड्यांची पेटी खाली ठेवली, शांतपणे स्टूल उचललं आणि उलट फिरवून ठेवलं. झिजलेले पाय अकोल्याकडे गेले.

"काका," ती म्हणाली, "स्टुलाले समोर-मांगं कुठं राह्यते?"

एक बाई आली बांगड्या भरायला. नसीमनं मला दूर सारलं आणि तिला त्या स्टुलावर बसवलं. बाई बसली तसं स्टूल डुगडुगलं आणि एका बाजूला कललं. कोणत्या बाजूला, ते मी पाहिलं आहे.