इरावतीची घरची काडतुसं

इरावती मूळची कोल्हापूरची, कॉलेजात असताना एनसीसीची नेमबाज. लग्न होऊन फोरबर्ग या डच गावी आली, यथावकाश नोकरी लागली, आणि चाळिशीत तिने पुन्हा रायफल हातात घेतली. क्लब, परवाना, भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट, सगळं रीतसर. नवऱ्याची, उल्हासची, तक्रार एकच: काडतुसं फार महाग.

क्लबातले हेंक आजोबा म्हणाले, "झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या टाकू नकोस. घरीच भर. निम्म्यात पडतं."

'निम्म्यात' ऐकून काडतुसं भरायचं यंत्र उल्हासनेच मागवलं. मग बंदुकीची दारू तोलायला नाजूक तराजू आला. तराजूला वारा लागू नये म्हणून काचेची पेटी आली. काडतूस खरंच निम्म्यात पडू लागलं, आणि इरावती दुप्पट गोळ्या झाडू लागली.

एका रविवारी पुण्याहून नणंदेचा, शर्मिलाचा, फोन आला.

"वहिनी कुठंय रे?"

"वर आहे. दारू मोजतेय."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"दादा, तू कसा आहेस?" शर्मिलाने हळूच विचारलं.

पुंगळ्या घासायचं यंत्र मात्र इरावतीने घेऊ दिलं नाही. पितळच ते, चिंचेने निघतं! उल्हासने आमटीसाठी जपलेली चिंच संपली, पण पुंगळ्या लखलखल्या. ऊन पडलेलं बघून तिने त्या बाल्कनीत जुन्या चादरीवर वाळत घातल्या. तासाभरात आभाळ भरून आलं. ती धावत जाऊन चादरीची टोकं गोळा करतेय, तोच दारावरची बेल वाजली. समोरच्या घरातल्या मीके आजींनी खिडकीतून हे वाळवण पाहून पोलिसांना कळवलं होतं.

दोन पोलीस आत आले. परवाना पाहिला, कपाट पाहिलं, मग चादर पाहिली.

"हे काय?"

"वाळवण," इरावतीच्या तोंडून मराठीच निघालं.

त्यातल्या एकाने पुंगळी उचलून वास घेतला. "दारूचा वास नाही येत."

"चिंच आहे," उल्हास म्हणाला. "होती."

बाल्कनीत पुन्हा वाळत घालू नका, एवढं सांगून दोघं हसत गेले. संध्याकाळी मीके आजी ओशाळून सफरचंदाचा केक घेऊन आल्या आणि सगळं यंत्र चालवून बघूनच गेल्या.

पुढच्या महिन्यात झूटरमेरला स्पर्धा झाली. आदल्या वर्षी इरावती नववी आली होती आणि घरी येईपर्यंत विकतच्या काडतुसांना शिव्या घालत होती. यंदा सहावी आली. परतताना गाडीत एकदम गप्प.

"काय गं? सुधारलीस की!" उल्हास म्हणाला.

"शेवटच्या दोन गोळ्या गेल्या बाहेर."

"काडतुसं खराब होती?"

"एकेक दाणा मोजून भरलाय मी. खराब कशी असतील?" ती फणकारली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता दोष द्यायला कुणी उरलंच नाही रे."

उल्हासने शहाणपणाने रेडिओ लावला.