आनाकिचीच्या आत कुणी नसतं

देवीसरा पुनचा आवाज केवढा मोठा होता, हे नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यातल्या तिच्या गावात कुणालाही विचारावं. समोरच्या डोंगरावर शेळ्या लांब गेल्या की शेजारपाजारचे लोक तिलाच अंगणात उभं करत आणि हाक मारायला लावत. शेळ्या यायच्या, कधी कधी दुसऱ्या गावच्याही यायच्या. ती देवळात आरती म्हणायला लागली की आमा, म्हणजे तिची आई, कपाळाला हात लावायची. "अगं, देव बहिरा नाहीये," म्हणायची.

तोच आवाज जपानात आल्यावर कुठे गेला कोण जाणे. हासुमिझू हे गाव कमळकाकडीवर जगणारं. गावाबाहेर तळी, तळ्यांत कंबरभर चिखल, आणि एका टोकाला ते विद्यापीठ, जिथे सगळं शिक्षण जपानीतून चाले. तिथल्या पोरी बोलायच्या त्या जणू शेजारी कुणी झोपलंय अशा. त्यांच्यात बसून देवीसराचाही आवाज आकसला. एखादा शब्द चुकेल, कुणाचा मान राखायचा राहील, या धास्तीनं ती उत्तर गिळूनच द्यायची. वर्गाचे शिक्षक इसोगाई सेन्सेई कागदावरून डोकं वर न काढता दरवेळी तेच म्हणायचे, "पुनसान, आवाज. मागे ऐकू येत नाही." वर्गातली पोरं तिच्याशी सौजन्यानं वागत, म्हणजे तिच्याकडे बघतच नसत.

पोटासाठी काम हवंच होतं. परदेशी विद्यार्थ्याला तिथे आठवड्याला ठरलेले तासच काम करता येतं, त्यामुळे तेवढ्यात बसेल असं काहीतरी शोधताना बाजारपेठेच्या संघानं तिला घेतलं आणि आनाकिची केलं.

आनाकिची म्हणजे बाजारपेठेचा लाडका शुभंकर, माणसानं आत शिरून चालवायचा फोमचा पोशाख. माणसापेक्षा उंच, गोलमटोल कमळकाकडी, अंगभर भोकं, खाली पिवळे बूट. तो दुकानांच्या उद्घाटनाला जातो, म्हाताऱ्यांचे वाढदिवस करतो, पोरांना मिठ्या मारतो, आणि बोलत नाही. त्याच्या वतीनं बोलायला हिसामात्सुसान कायम शेजारी असत. त्यांचं मोज्यांचं दुकान होतं आणि संघाचं चिटणीसपद त्यांच्याकडे होतं. आनाकिचीनं नुसता हात हलवला तरी ते गंभीरपणे सांगत, "आनाकिची म्हणतोय, यंदा थंडी लवकर पडेल."

पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. आनाकिचीच्या आत कुणी नसतं. देवीसराला वाटलं, ही लोकांना सांगायची गोष्ट असेल. पण हिसामात्सुसान स्वतःही तसंच वागत. मागची चेन लावली की ते तिच्याशी बोलणं बंद करत आणि आनाकिचीशी सुरू करत. संध्याकाळी पडद्याआड ती घामानं निथळत बाहेर आली की चहा पुढे करत म्हणत, "अरेरे पुनसान, थोडक्यात चुकामूक झाली. आत्ताच आनाकिची इथून गेला." उन्हाळ्यात एकदा ती भर रस्त्यात घेरी येऊन पडली. कोपऱ्यावरचे डॉक्टर धावत आले, त्यांनी कमळकाकडीच्या पोटाला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, की मुळांना पाणी कमी पडतंय. मग सगळ्यांनी मिळून तिला सावलीत नेऊन ठेवलं.

आमाला तिनं एवढंच सांगितलं होतं, की बाजारात मानाचं काम आहे. एकदा फोटोही पाठवला. आमानं तो चष्मा लावून, चष्मा काढून पाहिला आणि फोनवर विचारलं, "यातली तू कुठली?"

तर त्या वर्षाची शेवटची तोंडी परीक्षा आली. सबंध वर्गासमोर उभं राहून बोलायचं. देवीसरा आधीच काठावर होती. ही परीक्षा चुकली तर वर्ष जाणार, वर्ष गेलं तर राहण्याची परवानगी जाणार, आणि मग बॅग भरून म्याग्दी. आमानं शेत गहाण टाकून पाठवलेल्या पोरीनं कुठल्या तोंडानं परत जायचं? परीक्षा दुपारची होती. हिसामात्सुसाननी शब्द दिला होता, की सकाळचा एक छोटासा कार्यक्रम, दुपारच्या आत मोकळी.

छोटासा कार्यक्रम असा, की पोलीस ठाण्यानं वाहतूक सप्ताहानिमित्त आनाकिचीला एका दिवसाचा ठाणेदार नेमलं होतं. त्याच्या अंगावर आडवा पट्टा चढला. खऱ्या ठाणेदारांनी त्याला सॅल्यूट ठोकला, त्यानं भोकाभोकांतून तो स्वीकारला. पोरं नाचली, भाषणं झाली. भाषणं संपता संपेनात. आणि मग कळलं, की एका दिवसाचा ठाणेदार म्हणजे खरोखरच दिवसभराचा. पट्टा सूर्य मावळल्यावर समारंभानंच उतरणार.

देवीसरानं हिसामात्सुसानची बाही ओढली, मनगटावर घड्याळाची खूण केली, विद्यापीठाकडे बोट केलं. ते सगळं समजले. माणूस वाईट नव्हता, चेहरा पडला त्यांचा. पण त्यांनी पोशाखाच्या एका भोकाजवळ तोंड नेऊन हळूच सांगितलं, "आनाकिची, पुनसानची आज परीक्षा आहे, मला माहीत आहे. माझाही जीव तुटतोय. पण काय करू? पुनसान इथे नाहीत."

असा संताप तिला जन्मात आला नव्हता. जिच्यासाठी याचा जीव तुटतोय ती समोर घामानं भिजतेय, आणि हा म्हणतो ती इथे नाही. ओरडावं असं फार वाटलं, पण समोर बालवाडीची पोरं होती. त्यातल्या एकीनं आनाकिचीचा बूट घट्ट धरला होता.

मग तिला पट्टा आठवला. ती ठाणेदार होती ना? तिनं पाय आपटला, पोलिसांच्या गाडीकडे हात केला आणि पुन्हा विद्यापीठाकडे. हिसामात्सुसाननी छाती भरून जाहीर केलं, "ठाणेदारसाहेब म्हणताहेत, विद्यापीठाची पाहणी करायची आहे. ताबडतोब."

खऱ्या ठाणेदारांना हुकूम मोडता येईना. व्हॅनचं मागचं दार उघडं ठेवून त्यातून अर्धा आनाकिची बाहेर लोंबकळत, दिवा फिरवत वरात विद्यापीठात पोचली. दोन पोलिसांनी त्याला तिरका करून वर्गाच्या दारातून आत ढकललं.

आत परीक्षा संपत आली होती. सगळी पोरं हात वर करून हलवायला लागली. देवीसरा चालत आपल्या जागेशी गेली आणि रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहिली, कारण त्या पोशाखात बसता येत नव्हतं. इसोगाई सेन्सेईंनी तिच्याकडे पाहिलं. पिवळे बूट पाहिले. नेहमी तिच्या पिशवीला असायचा तो लाल दोरा डाव्या बुटाला अडकला होता, तोही पाहिला. मग ते अदबीनं झुकले आणि म्हणाले, "ठाणेदारसाहेब, स्वागत आहे. परीक्षा चालू आहे, कृपया शांतता राखावी." आणि हजेरीतलं उरलेलं नाव वाचलं. "पुन देवीसरा."

हिसामात्सुसान दारात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी विनवणी, की काय वाटेल ते कर पण आनाकिचीला बोलायला लावू नकोस. सेन्सेईंनी पेन उचललं. आता ते गैरहजर लिहिणार.

"आहे!" देवीसरा ओरडली.

फोमच्या जाड भिंतीतून ऐकू जावं म्हणून ओरडली, आणि तो आवाज शेळ्यांना हाक मारायचा निघाला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाहेर व्हॅनपाशी उभा असलेला पोलीस सावध झाला. आनाकिची बोलला, असं आता कुणीतरी म्हणणार, म्हणून देवीसरानं डोळे मिटून घेतले.

सेन्सेई सावकाश वळले. आनाकिचीकडे नाही, त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. "छान," ते खुर्चीला म्हणाले. "आज मागेपर्यंत ऐकू आलं. बोला, पुनसान."

आणि सगळा वर्ग, एकजात सगळा, खुर्चीकडे वळून बसला.

मग देवीसरा बोलली. विषय तिनं बरेच दिवस घोकला होता, शिकता शिकता केलेलं काम. पण घोकलेलं सगळं विसरली आणि आतून येईल ते बोलत गेली. सबंध बाजारपेठ ज्याला मिठ्या मारते त्याला घाम येतो, हे बोलली. दिवसभर लोकांचं प्रेम अंगावर येतं आणि आपल्यापर्यंत पोचत नाही, हे बोलली. शब्द चुकले, मान राखायचा राहिला, कुणाला पर्वा नव्हती. पोरं खुर्चीकडे बघून मान डोलवत होती, एक मुलगी तर खुर्चीकडे बघून डोळे पुसत होती. दोन वर्षांत देवीसराकडे कुणी इतकं मन लावून पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं ते ती जिथे नव्हती तिथे. आत तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही पुसायला हात नाकापर्यंत पोचत नव्हता.

संपल्यावर टाळ्या झाल्या. सेन्सेईंनी खुर्चीला सांगितलं, की पास आहात, फक्त बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत जा. मग त्यांनी पाण्याची बाटली आणून रिकाम्या खुर्चीपुढच्या बाकावर ठेवली. तिच्यात एक लांब नळी घातली आणि नळीचं टोक, सहज ठेवल्यासारखं, कमळकाकडीच्या भोकाकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी देवीसरा स्वतःच्या पायांनी वर्गात गेली आणि त्या खुर्चीवर बसली. काल डोळे पुसणारी मुलगी पहिल्यांदाच आपण होऊन तिच्याशी बोलायला आली. काल किती सुंदर बोललीस, म्हणाली. मग तिच्याकडे जरा वाकली.

"आणि नशीबवान गं तू. आनाकिची तुझ्या अगदी शेजारी उभा होता. फोटो काढलास की नाही?"

"नाही गं," देवीसरा म्हणाली, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "मला तो दिसलाच नाही."