उजवीकडचं घड्याळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय – का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

आमच्या जाफराबादला रेल्वे नाही. पण ह्यांना आगगाडीचं भारी वेड, तेही जुन्या सिनेमांतल्या गाड्यांचं. घड्याळदुरुस्तीचं दुकान सांभाळून पुठ्ठ्याची, कामट्यांची स्टेशनं करायचे – पडद्यावर दिसतात अगदी तशी. मग शुगरनं डोळे गेले. बोटं मात्र शाबूत होती. शेवटचं स्टेशन त्यांनी चाचपूनच करायला घेतलं. एका जुन्या सिनेमात एक बाई गाडीतून उतरते आणि तिला न्यायला कुणीच येत नाही – ते स्टेशन. बघायचं काम माझं. मोबाइलवर सिनेमा लावायचा, थांबवायचा आणि सांगायचं.

एकेक गोष्ट चारचारदा विचारायचे. मी कंटाळले होते. खरं सांगू? त्यांच्या आंधळेपणाचाच मला राग यायचा. त्या दुपारी मी शेंगा फोडत बसले होते.

"घड्याळ कोन्या बाजूला हाय, बघ बरं."

मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही मी. उजवीकडे, मी म्हणाले. खांब सहा. बाकडं नाहीच.

"मंग ती बसती कुठं?"

उभीच असते, मी म्हणाले.

त्यांनी तसंच केलं. मातीची इवलीशी बाई केली, उभी. आणि उजवीकडे माझं लग्नातलं मनगटी घड्याळ बसवलं – चालू करून.

मग एकदा ह्यांचे जुने दोस्त रफिकभाई आले. तंबूतल्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचे ते. बराच वेळ बघून हळूच म्हणाले, "भाऊ, घड्याळ तर डाव्या अंगाला व्हतं ना?"

"न्हाई, रफिकभाई. हिनं सोताच्या डोळ्यानं बघून सांगितलंय. तुमचंच ध्यान चुकलं असंल." आणि हे हसले.

रफिकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी चहा टाकायला आत गेले. तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. नंतर वर्षभर, रोज आलं असतं.

हे गेले. तेराव्यानंतर मी तो सिनेमा पहिल्यांदा नीट पाहिला. घड्याळ डावीकडे. खांब चार. आणि बाकडं आहे – ती बाई शेवटपर्यंत त्याच बाकड्यावर बसून वाट बघते.

ह्यांची बाई अजून उभी आहे. मी तिला उभं ठेवलं.